जनुक जागेवर आहे, मग प्रथिन का बनत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडचं एक जोडपं, दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली; बाईंना नववा आठवडा चालू आहे. जनुकाच्या तपासणीत बाईंच्या रिपोर्टवर 'आयव्हीएस 1-5, जी च्या जागी सी' असं आलंय, नवऱ्याच्या रिपोर्टवर 'कोडॉन 8/9, एक जी जास्त'. घरातल्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं, दोघांचे दोष वेगवेगळे आहेत, म्हणजे बाळाला मेजर, दोन्ही प्रती बिघडल्यावर होणारा गंभीर आजार, व्हायची भीती नाही. नवरा विचारतो: "जनुक दोघांतही जागेवर आहे, फक्त एकेका अक्षराचा फरक आहे. मग प्रथिन का बनत नाही? आणि दोष वेगळे असतील तर बाळ सुरक्षित नाही का?"

मी पुण्यात गेली 22 वर्षं रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या तपासण्या करते. तुमच्या हातात वेळ थोडा आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. दोष वेगळे आहेत म्हणून बाळ सुरक्षित होत नाही. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी असते की बाळाला आईकडून आईचा आणि वडिलांकडून वडिलांचा दोष येईल, आणि हे दोन दोष एकत्र आले तर मेजरच समजून चालावं लागतं. तेव्हा वारेच्या नमुन्याच्या तपासणीची तारीख आजच ठरवा. ती साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात करतात.

असं का, हे कळायला पेशी प्रथिन कसं बनवते ते पाहावं लागेल. शाळेत हे दोन बाणांत उरकतात: डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन. तुमच्या दोघांच्या रिपोर्टमधला सगळा मामला त्या बाणांच्या आत आहे.

आपल्याला हवं ते प्रथिन म्हणजे बीटा ग्लोबिन, हिमोग्लोबिनचा निम्मा भाग; उरलेला निम्मा अल्फा ग्लोबिन. त्याचं जनुक 11व्या गुणसूत्रावर आहे. आईकडून आलेली एक प्रत, वडिलांकडून आलेली एक. जनुकाची लांबी सुमारे 1600 अक्षरं. अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. पण सलग 1600 अक्षरांत प्रथिनाचा मजकूर नाही. मजकूर तीन तुकड्यांत आहे आणि त्यांच्यामध्ये दोन तुकडे असे आहेत जे प्रथिनासाठी नकोत: पहिला 130 अक्षरांचा, दुसरा 850 अक्षरांचा. या मधल्या तुकड्यांनाच रिपोर्टवर आयव्हीएस म्हणतात. आयव्हीएस 1-5 म्हणजे पहिल्या मधल्या तुकड्यातलं पाचवं अक्षर. इथे कुणालाही प्रश्न पडेल, जो तुकडा प्रथिनात जाणारच नाही, त्यातलं एक अक्षर चुकलं तर काय बिघडलं? तिथेच तर सगळं बिघडलं आहे.

समुपदेशनाला बसलेल्या जोडप्यांना मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात राहते. बँकेत कर्ज काढायला गेलात तर दप्तर उचलून नेत नाही, उतारा नेता. पेशीतही डीएनए केंद्रक सोडून कुठे जात नाही. ज्या जनुकाचं काम पडलं त्याचा आरएनएच्या रूपात उतारा निघतो. तो काढणारं यंत्र जनुकाच्या अलीकडे एका ठरावीक जागी येऊन बसतं. ती जागा बिघडली तर उतारे कमी निघतात. असेही थॅलेसेमियाचे दोष आहेत आणि ते बहुधा सौम्य असतात. तुमच्याकडे तसं नाही. तुमच्या दोघांच्याही पेशींत उतारे निघतात.

उदाहरण मात्र इथेच सोडते, कारण तलाठी उतारा जसाच्या तसा देतो. पेशी तशी देत नाही. आधी अख्ख्या 1600 अक्षरांचा कच्चा उतारा निघतो, मग केंद्रकातच त्यातले दोन मधले तुकडे कापून टाकतात आणि उरलेले तीन जोडतात. जोडलेला पक्का उतारा बाहेर जातो, त्याला एमआरएनए म्हणतात. (आरएनएत टी ऐवजी यू असतो; समजायला सोपं जावं म्हणून मी इथे सगळीकडे टीच लिहिते.) जनुकात असे मधले तुकडे असतात हे 1977 साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी दाखवलं, आणि दोघांना 1993 चं नोबेल मिळालं. कात्री कुठे चालते आणि कधी चुकते हे कळण्यात पुढे थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या जनुकांचा फार मोठा वाटा आहे. दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त चढवून घ्यायला येणारी मुलं बघते तेव्हा हे मला नेहमी आठवतं.

आता बाईंचा रिपोर्ट. पहिल्या मधल्या तुकड्याची सुरुवात अशी आहे: जी टी टी जी जी टी. कापणाऱ्या यंत्राकडे स्वतःचा एक छोटा आरएनए असतो. तो या अक्षरांशी जुळवून बघतो आणि जुळलं की कापायची जागा पक्की होते. पहिलाच जी बदलला, म्हणजे आयव्हीएस 1-1 हा दोष असला, तर बरोबर कापलेला उतारा एकही मिळत नाही. सहावा टी बदलून सी झाला, जे भूमध्य समुद्राच्या बाजूच्या देशांत जास्त दिसतं, तर पुष्कळ उतारे तरीही बरोबर कापले जातात आणि आजार सौम्य राहतो. बाईंचा बदल पाचव्या अक्षरावर आहे. भारतात सर्वांत जास्त आढळणारा बीटा थॅलेसेमियाचा दोष हाच. त्यात बरोबर कापलेले उतारे मिळतात, पण फारच थोडे. म्हणून रिपोर्टवर त्याला 'बीटा प्लस' म्हटलेलं असतं. ते प्लस बघून लोक निश्चिंत होतात, आणि मला ते दरवेळी खोडून काढावं लागतं. हा प्लस नावापुरता आहे. प्रत्यक्षात हा गंभीर दोष आहे.

नेहमीची जागा जुळली नाही तर यंत्र काम सोडून देत नाही. आसपास तिच्यासारखी दिसणारी जागा शोधतं आणि तिथे कापतं. या जागा नेमक्या ठाऊक आहेत. एक 16 अक्षरं आधी, एक 38 अक्षरं आधी, एक 13 अक्षरं पुढे. पहिल्या दोन जागी कापलं तर मजकुराची 16 किंवा 38 अक्षरं गळतात, तिसऱ्या जागी कापलं तर नको असलेली 13 अक्षरं आत शिरतात. हे तीन आकडे ध्यानात ठेवा, 16, 38 आणि 13. पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

पक्का उतारा केंद्रकाबाहेर आला की तो रायबोसोमच्या, म्हणजे उतारा वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्राच्या, ताब्यात जातो. रायबोसोमची चित्रं तुम्ही पुस्तकात बघितली असतील. मला त्याची खूण जवळजवळ रोज काचेवर दिसते, ती सांगते. टेस्टट्यूबमध्ये रक्ताचे दोन-तीन थेंब घ्यायचे, तेवढंच न्यू मेथिलीन ब्लू टाकायचं, 37 अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मग स्लाइडवर पातळ ओढायचं. तेलाचा थेंब टाकून 100 च्या लेन्सखाली पाहिलं की बहुतेक तांबड्या पेशी फिकट निळसर, गुळगुळीत दिसतात. त्यांतच एखादी अशी सापडते जिच्या पोटात गडद निळी जाळी आहे, शाईत भिजलेल्या दोऱ्याच्या गुंत्यासारखी. तिला आम्ही रेटिक म्हणतो. ही नुकतीच हाडातल्या मगजातून बाहेर पडलेली, कोवळी पेशी. ती निळी जाळी म्हणजे मुख्यतः रायबोसोमचाच आरएनए, रंगामुळे गोळा झालेला.

या पेशीने केंद्रक आधीच टाकून दिलेलं असतं. मूळ दप्तर गेलं, जनुक गेलं. तरी पुढचा एक-दोन दिवस ती हिमोग्लोबिन बनवतच राहते, कारण उतारे आणि रायबोसोम मागे उरलेले असतात. ते संपले की जाळी जाते आणि पेशी पुढचे सुमारे चार महिने असलेल्या हिमोग्लोबिनवर काढते. प्रथिन उताऱ्यावरून बनतं, थेट जनुकावरून नाही, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. उतारा कुठून आला हेही रायबोसोम विचारत नाही. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीच्या कोविडच्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये आपल्याकडे मंजुरी मिळाली, ती लस याच गोष्टीवर चालते. बाहेरून उतारा द्यायचा, आपल्या पेशींतले रायबोसोम तो वाचून विषाणूचं प्रथिन बनवतात.

रायबोसोम उताऱ्यावर एका टोकाने बसतो, 'एटीजी' ही तीन अक्षरं सापडली की तिथून सुरुवात करतो आणि पुढे तीन-तीन अक्षरं वाचत जातो. या तीन अक्षरांच्या गटाला कोडॉन म्हणतात. प्रत्येक कोडॉनला एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एक कडी, ठरलेलं आहे. ते घेऊन येतो एक छोटा आरएनए, टीआरएनए. त्याच्या एका टोकाला कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. जुळलं की अमिनो आम्ल साखळीला जोडलं जातं, रिकामा टीआरएनए निघून जातो, रायबोसोम तीन अक्षरं पुढे सरकतो. बीटा ग्लोबिनची 146 अमिनो आम्लांची साखळी साधारण अर्ध्या मिनिटात तयार होते. एकाच उताऱ्यावर एकामागोमाग अनेक रायबोसोम चढलेले असतात. सशाच्या रेटिकमध्ये 1962-63 च्या सुमारास ते बघितले गेले तेव्हा एका उताऱ्यावर बहुधा पाच होते.

रायबोसोमला सगळे भाषांतरकार म्हणतात. माझ्या मते तो मान टीआरएनएवर योग्य अमिनो आम्ल चढवणाऱ्या एन्झाइमांचा आहे. कोणत्या टीआरएनएवर कोणतं अमिनो आम्ल बसवायचं हे त्यांनाच कळतं. रायबोसोम फक्त अक्षरं जुळली का एवढंच बघतो, पाठीवर काय बांधलंय ते बघत नाही. 1962 साली हे प्रयोगाने सिद्ध झालं. सिस्टीन लावलेल्या टीआरएनएवर रासायनिक क्रिया करून सिस्टीनचं ॲलानीन केलं, तर रायबोसोमने सिस्टीनच्या जागी बिनदिक्कत ॲलानीन जोडलं. हा प्रयोग मला फार आवडतो. रायबोसोम आंधळेपणाने वाचतो, समोर येईल ते वाचतो, हे त्यातून कळतं. आणि तुमच्या नेमक्या प्रश्नाला तेच लागू आहे.

कोडॉन एकूण 64. त्यांतले 61 अमिनो आम्लांसाठी, तीन थांबण्यासाठी: टीएए, टीएजी, टीजीए. कोणता कोडॉन कशासाठी हे 1961 पासून पाच-सहा वर्षांत उलगडलं. त्यातल्या कामासाठी हरगोविंद खुराना यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत 1968 चं नोबेल मिळालं.

कोडॉनच्या मध्ये जागा सोडलेली नसते, स्वल्पविराम नसतो. सगळी अक्षरं सलग. पहिलीच्या पुस्तकातले शब्द घ्या: कमळ बदक गवत नगर. हे जोडून लिहिले, कमळबदकगवतनगर, तरी तीन-तीन वाचायचं ठरलेलं असेल तर अडचण नाही. आता कमळ नंतर एक स घुसवा आणि पुन्हा तीन-तीन वाचा: कमळ, सबद, कगव, तनग, र. बिघडलं फक्त एक अक्षर, पण त्यापुढचा एकही शब्द शब्द राहिला नाही. वाचणाऱ्याला अर्थ कळत असता तर तो थांबला असता. रायबोसोमला अर्थ कळत नाही.

तुमचा, म्हणजे नवऱ्याचा, रिपोर्ट हाच आहे. बीटा ग्लोबिनच्या आठव्या आणि नवव्या कोडॉनची अक्षरं अशी: एएजी, टीसीटी. पुढे जीसीसी, जीटीटी. तुमच्या एका प्रतीत एएजी नंतर एक जी जास्तीचा आहे. वाचन होतं: एएजी, जीटीसी, टीजीसी, सीजीटी... इथून पुढची जवळजवळ सगळी अमिनो आम्लं चुकीची, आणि 22व्या जागी भलतंच टीजीए तयार होतं. थांब्याची खूण. 146 च्या साखळीऐवजी 21 चा निरुपयोगी तुकडा. या प्रतीतून बीटा ग्लोबिन शून्य.

आता बाईंच्या आकड्यांकडे परत या. 16, 38, 13. यातल्या एकालाही तीनने भाग जात नाही. चुकीच्या जागी कापलेला कोणताही उतारा घेतला तरी पुढचं वाचन घसरतं, जसं तुमचं घसरतं तसंच. बाईंचा दोष कापण्याच्या पायरीवर आहे, तुमचा मूळ मजकुरात. पेशीच्या आत ते दोन वेगळ्या ठिकाणी आहेत, पण शेवटी दोन्ही उतारे रायबोसोमसमोर येतात तेव्हा दोन्हींची चौकट, म्हणजे तीन-तीन अक्षरांची विभागणी, सरकलेली असते. हे बघितल्यावर 'दोष वेगवेगळे आहेत' या वाक्याचा आधार वाटेनासा होईल, असं मला वाटतं.

ती वडीलधारी व्यक्ती अगदी निराधार बोलली नाही. जनुक वेगळं असेल तर हे खरं ठरतं. एकाला बीटा थॅलेसेमिया मायनर आणि दुसऱ्याला अल्फा थॅलेसेमिया मायनर असेल, तर त्यांच्या बाळाला या जोडीमुळे मेजर होत नाही, कारण अल्फाची जनुकं 16व्या गुणसूत्रावर, वेगळी आहेत, आणि बाळाला बीटाची निदान एक चांगली प्रत मिळतेच. तुमचं तसं नाही. तुमचं जनुक एकच, जागा दोन. बाळाला आईची बिघडलेली प्रत आणि वडिलांची बिघडलेली प्रत मिळाली तर तिसरी चांगली प्रत येणार कुठून? दोन फाटक्या उताऱ्यांचे चांगले भाग जोडून एक चांगला उतारा करायची सोय पेशीत नाही. प्रत्येक प्रतीचा उतारा स्वतंत्र निघतो आणि स्वतंत्र वाचला जातो.

तुम्ही दोघं ठणठणीत आहात ते दुसऱ्या, चांगल्या प्रतीमुळे. ती एकटी पुरेसं बनवते. पेशी थोड्या लहान राहतात, हिमोग्लोबिन किंचित कमी, आणि एचपीएलसीत, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या तपासणीत, ए2 हा प्रकार वाढलेला दिसतो, तेवढंच. माझ्या मामेबहिणीला मात्र याच लहान पेशींमुळे अकरा वर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. लोह कमी आहे का, हे कुणी एकदाही तपासलं नाही. तिला मायनर आहे हे तिच्या दुसऱ्या बाळंतपणात मी शोधलं. म्हणून सांगते, तुम्ही दोघांनीही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासल्याशिवाय लोह घेऊ नका, आणि लोह खरंच कमी असेल तर मायनर आहे म्हणून टाळूही नका.

मेजरमध्ये त्रास फक्त बीटा कमी पडल्याने होत नाही. अल्फाच्या साखळ्या नेहमीसारख्याच बनत राहतात. त्यांना जोडीदार मिळत नाही, त्या पेशीतच गोळा होतात आणि पेशी मगजातच मरते, रक्तात येईपर्यंत टिकतच नाही. मगज जीव तोडून पेशी बनवतो आणि मूल तरी पांढरं पडत जातं.

सिकलसेलशी याची गल्लत होते, तीही दूर करते. विदर्भात आणि नंदुरबारकडे जास्त दिसणाऱ्या सिकलसेलमध्ये सहाव्या कोडॉनचं जीएजी बदलून जीटीजी होतं. अक्षर गळलं नाही, वाढलं नाही, बदललं. चौकट सरकत नाही, 146 पैकी 145 अमिनो आम्लं बरोबर, एक चुकीचं, आणि प्रथिन पूर्ण बनतं. ते वागतं वेगळं. थॅलेसेमियात प्रथिन पुरेसं बनतच नाही. ईशान्य भारतात आढळणाऱ्या हिमोग्लोबिन ई मध्ये एकाच अक्षराने दोन्ही होतं. 26व्या कोडॉनचं जीएजी बदलून एएजी झालं की अमिनो आम्लही बदलतं आणि वर सांगितलेली 16 अक्षरं आधीची चुकीची जागा कात्रीला जास्त खरी वाटू लागते, म्हणून प्रथिन कमीही बनतं. एका अक्षराला क्षुल्लक म्हणायचं की नाही, ते अक्षर कुठे बसलंय यावर आहे.

आता तपासणीबद्दल, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार: बाळाचं रक्त घेऊनच बघायचं ना? या वयात नाही, आणि गरजही नाही. अकराव्या आठवड्यात बाळ बीटा ग्लोबिन नाममात्र बनवतं. त्याचं काम गॅमा ग्लोबिनवर, म्हणजे गर्भात बीटाच्या जागी असणाऱ्या प्रथिनावर, चालतं. मेजर असलेलं बाळसुद्धा म्हणूनच जन्मताना गुटगुटीत दिसतं आणि साधारण सहा महिन्यांनंतर, गॅमा ओसरून बीटाची पाळी आली की फिकं पडायला लागतं. आम्ही प्रथिन बघत नाही, थेट मूळ दप्तर वाचतो. वारेतून तांदळाच्या दाण्याएवढ्या काही पांढऱ्या झुबक्या काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना चिकटलेलं आईचं ऊतक एकेक करून बाजूला करावं लागतं, कारण आईचा डीएनए मिसळला तर आईचाच दोष बाळाचा म्हणून वाचला जाईल. ते मिसळलेलं नाही ना, याची वेगळी चाचणीही करतो. तपासणी नोंदणी असलेल्या केंद्रातच होते, लेखी संमतीने. मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही. गर्भपाताचा धोका थोडा असतो, तो तुम्हाला आधी समजावून सांगितला गेला पाहिजे; नाही सांगितला तर विचारा.

येताना दोघांचे जनुकाचे मूळ रिपोर्ट आणा, फोनवरचा फोटो नको, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट आणा. दोघांचंही रक्त आम्ही पुन्हा घेऊ. ज्या दोन जागा वर सांगितल्या त्याच आम्ही त्या झुबक्यांत वाचणार आहोत. वारेची पेशी जन्मात कधी हिमोग्लोबिन बनवत नाही, तिला त्याचं काम पडत नाही. पण ते जनुक तिच्याकडेही असतं, बाळाच्या केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत असतं तसंच, अक्षरन् अक्षर.